रक्त, इम्युनिटी आणि इन्फेक्शन : फर्स्ट इयरच्या नर्सिंगवाल्यांनी सुरुवात कुठून करायची

मेडिसिन वॉर्डात पहिली पोस्टिंग लागली की पोरं जाडजूड वही घेऊन येतात, त्यात ॲनिमियाचे प्रकार, ल्युकेमियाचे प्रकार, अँटीबॉडीचे पाच प्रकार, सगळं रंगीत पेनांनी लिहिलेलं असतं, आणि पेशंटच्या बेडजवळ उभं करून विचारलं की एकच वाक्य बाहेर येतं, "सिस्टर, ह्यांचा एचबी कमी आहे." बरं, हिमोग्लोबिन कमी आहे. मग पुढे काय? तिथे गाडी अडते. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, बारा वर्षं वॉर्डात काढली, आणि दर बॅचला हेच बघते म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते. वही टाकून देऊ नका, परीक्षेला लागणारच आहे, पण बेडजवळ जाताना आधी तीन प्रश्न डोक्यात घेऊन जा.

रिपोर्टमध्ये काहीही कमी दिसलं, मग ते हिमोग्लोबिन असो, पांढऱ्या पेशी असोत की प्लेटलेट, विचारायचं: बनतंयच कमी? बनतंय पण आत नाश होतोय? की बाहेर वाहून जातंय? रक्ताचे बहुतेक आजार ह्या तिनांत कुठे ना कुठे बसतात, आणि एकदा बसले की त्या पेशंटचं आपण काय करायचं तेही सुचायला लागतं.

आधी बाटलीतलं रक्त बघा

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. लॅबमध्ये ओळख असेल तर सेंट्रिफ्यूज केलेली ट्यूब एकदा डोळ्यांनी बघून या, पुस्तकातल्या चित्रापेक्षा जास्त लक्षात राहतं. वर पिवळसर प्लाझ्मा अर्ध्याहून थोडा जास्त, खाली लाल पेशींचा थर, आणि मधे एक बारीक पांढरी रेघ. त्या रेघेत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट असतात. एवढीशी रेघ, पण इम्युनिटी नि रक्त गोठणं ह्या दोन्ही गोष्टींचा बराचसा भार तिच्यावर.

आता आयुष्य बघा. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, प्लेटलेट ८ ते १० दिवस, आणि न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी, रक्तात जेमतेम दिवसभर टिकतो. हे आकडे नुसते पाठ करायचे नसतात, केमो घेतलेल्या पेशंटकडे बघताना ते कामाला येतात. बोन मॅरोचं, म्हणजे हाडातल्या ज्या मगजात रक्तपेशी बनतात त्याचं, काम थांबलं की ज्याचं आयुष्य कमी ते आधी संपणार, म्हणजे आधी न्यूट्रोफिल पडतात आणि इन्फेक्शनची भीती, मग प्लेटलेट पडतात आणि ब्लीडिंगची भीती, एचबी सगळ्यात शेवटी हळूहळू उतरतो. कुठल्या आठवड्यात कशावर नजर ठेवायची ते असं आपोआप कळतं.

सॅम्पल चुकलं तर पुढचं सगळं चुकलं

ही गोष्ट माझ्याच हातून झालेली आहे. सेकंड इयरला होते. एका मावशीला डेक्स्ट्रोजचं सलाइन चालू होतं, दुसऱ्या हाताची शीर मिळेना, त्या बिचाऱ्या चार वेळा टोचून घेऊन दमल्या होत्या, मग मी सलाइनच्याच हाताला, सुईच्या वरच्या बाजूला टोचलं. रक्त पटकन आलं, मला बरं वाटलं. दुपारी रिपोर्ट आला तर आदल्या दिवशीचा १०.२ एचबी ५.८ वर. ड्युटी डॉक्टर रक्त चढवायचं म्हणून क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटला जुळतं का ती तपासणी, पाठवायला निघाले होते. चार्ज सिस्टरनी कागद हातात घेतला, वरून खाली बोट फिरवलं आणि मला विचारलं, "सलाइनच्या हातातून घेतलंस?" त्यांना कळलं कसं? एचबी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही सारख्याच प्रमाणात उतरलेल्या, आणि साखर मात्र पाचशेच्या वर. म्हणजे रक्तात सलाइन मिसळलेलं. मावशींना विनाकारण रक्त चढायचं राहिलं ते त्या बोटामुळे.

तेव्हा सलाइनचा हात सोडून दुसरा हात, आणि इलाजच नसेल तर डॉक्टरांना विचारून सलाइन थोडा वेळ बंद ठेवून सुईच्या खालच्या बाजूने, आणि तसं फॉर्मवर लिहायचं.

ट्यूबचा क्रमही आत्ताच हाताला बसवा: आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघायची बाटली), मग निळी, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी करडी. जांभळीत रक्त गोठू न देणारं ईडीटीए असतं, ते पोटॅशियमचं मीठ. ते लाल ट्यूबमध्ये गेलं तर पोटॅशियम खोटंच वाढतं, कॅल्शियम खोटंच उतरतं, आणि रात्री दोनला कोणीतरी ईसीजी काढायला पळतं. निळी ट्यूब रेघेपर्यंतच भरायची, कमी भरली तर पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, चुकीचा येतो. जांभळी आठ-दहा वेळा हळू उलटसुलट करायची, गदागदा हलवायची नाही, पेशी फुटतात. आणि लेबल बेडजवळच लावायचं, पेशंटच्या तोंडून नाव ऐकून. टेबलावर बसून पाच ट्यूबना एकदम लेबल लावणं मी अजिबात चालवून घेत नाही.

एचबी कमी : तीन प्रश्न लावून बघा

डब्ल्यूएचओच्या हिशोबाने पुरुषाचा एचबी १३ च्या खाली, बाईचा १२ च्या खाली, गरोदर बाईचा ११ च्या (मधल्या तीन महिन्यांत १०.५ च्या) खाली गेला की ॲनिमिया. गरोदरपणी ७ च्या खाली गेला तर गंभीर. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये ५७ टक्के ॲनिमिक, हा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा आहे, म्हणजे ओपीडीच्या रांगेत उभ्या असलेल्या दर दोन बायकांमागे एक धरून चाला.

आपल्याकडे पेशंट येऊन ॲनिमिया म्हणत नाही. "म्हाका घुंवळ येता" (मला चक्कर येते), "रगत उणें जालां" (रक्त कमी झालंय), जिना चढला की धाप लागते, असं म्हणतात. खालची पापणी ओढून बघा, तळहात आपल्या तळहाताशेजारी ठेवून बघा, जीभ बघा. आणि एक प्रश्न हळू आवाजात विचारा, बाई लाजतात म्हणून: कच्चे तांदूळ, माती, खडू असलं काही खावंसं वाटतं का? आयर्न कमी असलं की ही ओढ लागते, आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मग एमसीव्ही बघा, लाल पेशीचा आकार. ८० ते १०० नॉर्मल. खाली असेल तर आयर्नची कमतरता किंवा थॅलॅसेमिया (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा जन्मजात आजार), वर असेल तर बी-ट्वेल्व्ह किंवा फोलिक ॲसिड. ह्या फोलिक ॲसिडचा धागा आपल्या शेजारच्या मुंबईत सापडला. लूसी विल्स नावाची ब्रिटिश डॉक्टर १९२८ च्या सुमारास तिथे आली, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया तिने बघितला, आणि यीस्टपासून बनणारं मार्माइट दिल्यावर त्या बऱ्या होतात असं १९३१ मध्ये छापलं. त्या यीस्टमधला पदार्थ म्हणजेच नंतर ओळखलं गेलेलं फोलेट. आज गरोदर बाईला आपण जी लाल गोळी रोज देतो, ६० मिलिग्रॅम आयर्न आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिडची, किमान १८० दिवस, त्यातल्या अर्ध्या भागाची ही कहाणी.

गोळी दिली म्हणजे काम झालं नाही. गोळी कशाबरोबर घेतात ते विचारा. आपल्याकडे सकाळी चहा आणि उंडो (गोल पाव) झाल्याशिवाय दिवस उजाडत नाही, आणि गोळीही त्याच चहाच्या घोटाबरोबर जाते. चहातल्या टॅनिनने आयर्न फार कमी शोषलं जातं. चहा आणि गोळी ह्यात निदान एक-दोन तास अंतर, गोळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. शौच काळं होईल हे आधीच सांगा, नाहीतर घाबरून बंद करतात. खाण्यात तांबडी भाजी आहेच, पण मासे खाणाऱ्या घरात तिसऱ्या (शिंपल्या) सांगा, त्यात आयर्न आणि बी-ट्वेल्व्ह दोन्ही भरपूर, आणि त्यातलं आयर्न भाजीतल्यापेक्षा अंगी लागतं. शुद्ध शाकाहारी घरातली आजी हातापायाला मुंग्या येतात म्हणत असेल, जीभ गुळगुळीत लाल असेल, तर बी-ट्वेल्व्हचा विचार करून डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता दुसरा प्रश्न, आत नाश होतोय का. एचबी कमी आणि त्याबरोबर डोळे पिवळे, लघवी गडद, तर लाल पेशी फुटताहेत अशी शंका घ्यायची. मलेरियात हे होतं. व्हायवॅक्स मलेरियाला १४ दिवस प्रायमाक्विन देतात, आणि ज्याला जी-सिक्स-पीडी एन्झाइम कमी आहे त्याच्या लाल पेशी ह्या औषधाने फुटतात, म्हणून लघवी काळपट-तपकिरी झाली की गोळी थांबवून लगेच यायचं, हे पेशंटला त्याच्या भाषेत सांगणं आपलं काम. बांधकामाच्या साइटवरचा मुलगा झारखंडचा किंवा ओडिशाचा असेल तर हिंदीत सांगा, दोनदा सांगा. सिकल सेल ह्या जन्मजात आजारातही लाल पेशी लवकर मरतात, शिवाय वाकड्या होऊन बारीक शिरा अडवतात आणि भयंकर दुखतं. त्यांना पाणी भरपूर, अंग ऊबदार, आणि दुखण्याचं औषध वेळेवर. "हा दर महिन्याला येतो, औषधाची सवय लागलीय" असं कोणी म्हणालं तर त्यात सामील होऊ नका, ते दुखणं खरं असतं.

तिसरा, वाहून जातंय का. बायकांना पाळीचं विचारा, किती पॅड, गाठी पडतात का. आणि पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाला आयर्न डेफिशियन्सी असेल तर नुसती गोळी देऊन घरी पाठवायचं नसतं, पोटात कुठेतरी रक्त जातंय का ते शोधावं लागतं. शौचाचा रंग विचारा, मूळव्याध विचारा, गुडघेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून आणून खातो का विचारा. शेतात अनवाणी काम करणाऱ्याला आकडीकृमीचंही विचारा, तो जंत आतड्याला चिकटून रोज थोडं थोडं रक्त पितो.

प्लेटलेट कमी म्हणजे डेंगी, हे डोक्यातून काढा

प्लेटलेट दीड ते साडेचार लाख नॉर्मल. पावसाळ्यात ताप आणि प्लेटलेट ऐंशी हजार दिसले की घरचे लगेच पपईच्या पानांचा रस शोधायला धावतात. पण आपल्या गोव्यात प्लेटलेट पाडणारे ताप निदान चार आहेत आणि चारही वेगळे.

डेंगीत अंग मोडून येतं, डोळ्यांच्या मागे दुखतं. लेप्टोत, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसमध्ये, डोळे लाल, पोटऱ्या दाबल्या की माणूस ओरडतो, नंतर कावीळ आणि लघवी कमी, आणि विचारलं तर आठवड्यापूर्वी शेतातल्या चिखलात उतरलेला असतो. मलेरियात हुडहुडी भरून ताप, घाम येऊन उतरतो. त्याची खात्री स्मिअरने, म्हणजे काचेवर घेतलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली बघून, करतात, जाड थेंबात परजीवी सापडतो आणि पातळ थरात तो कुठल्या जातीचा ते कळतं. आणि चौथा माकडताप. हा १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१५ पासून आमच्या सत्तरीत आला. गोचिडीमुळे होतो, पेशंटकडून पेशंटला होत नाही. काजूच्या मोसमात बोंडू गोळा करायला, लाकडं आणायला रानात गेलेली माणसं, अचानक खूप ताप, डोकं फुटेलसं दुखणं, हिरड्यांतून रक्त. ह्यात प्लेटलेटबरोबर पांढऱ्या पेशीही उतरतात. म्हणून डिसेंबर ते मे मध्ये सत्तरीतल्या वाळपईकडून तापाचा पेशंट आला की "रानांत गेल्लो काय? आसपास माकड मेलेलं बघितलं?" हे विचारायला विसरू नका. माझ्या गावची माणसं ह्या तापाने गेलेली मी बघितली आहेत, तो एक प्रश्न आठवडाभर आधी कोणी विचारला असता तर, असं अजून वाटतं.

डेंगीत नातेवाईक प्लेटलेटचा आकडा विचारतात, तुम्ही हिमॅटोक्रिट बघा, म्हणजेच पीसीव्ही, रक्तात लाल पेशी किती टक्के ते. डेंगीत धोका बऱ्याचदा असा असतो की शिरांमधून प्लाझ्मा झिरपून बाहेर जातो आणि रक्त घट्ट होतं. पीसीव्ही ३६ होता आणि ४४ झाला म्हणजे वीस टक्क्यांच्या वर चढला, ही घंटा आहे. आणि हे नेमकं ताप उतरताना होतं, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. घरचे म्हणतात ताप गेला, डिस्चार्ज द्या, आणि तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार, माणूस मलूल. नाडी, बीपीच्या वरच्या नि खालच्या आकड्यातलं अंतर, आणि लघवी मोजा. अंतर वीस किंवा त्याच्या खाली आलं की डॉक्टरांना उठवा, रात्र असली तरी. तापाला पॅरासिटामॉलच, ॲस्पिरिन, ब्रुफेन नाही. प्लेटलेट कमी असलेल्या कुठल्याही पेशंटला मांडीत किंवा कुल्ल्यात इंजेक्शन द्यायच्या आधी थांबा नि विचारा, टोचलेल्या जागी पाच मिनिटं दाबून धरा, ब्रश मऊ द्या.

हिमोफिलिया वेगळा. तिथे प्लेटलेट नॉर्मल असतात, रक्त गोठवणारा फॅक्टर कमी असतो, ए प्रकारात फॅक्टर आठ, बी प्रकारात फॅक्टर नऊ. आजार आईकडून मुलाला येतो. साधं ओरखडलं तर फारसं काही होत नाही, पण गुडघ्याच्या सांध्यात आतल्या आत रक्त भरतं. आई म्हणाली की ह्याचा गुडघा गरम लागतोय तर सूज दिसेपर्यंत थांबू नका, फॅक्टर जितका लवकर मिळेल तितका सांधा वाचतो.

रक्त चढवणं, हे सावकाश वाचा

कार्ल लँडस्टायनरने १९०१ मध्ये रक्तगट सांगितले त्याआधी एकाचं रक्त दुसऱ्याला देणं म्हणजे जुगार होता. आणि १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असा गट दाखवला की तपासणीत ओ वाटतो पण ओ चं रक्तही त्याला चालत नाही, बॉम्बे ब्लड ग्रुप. म्हणून "ओ पॉझिटिव्हच आहे, काय होतंय" असं म्हणून क्रॉसमॅच टाळायचा नसतो.

पण जीव जातात ते बहुतेक अशा दुर्मिळ गटांमुळे नाही, चुकीच्या पेशंटला बॅग लागल्यामुळे. म्हणून पिशवी आली की दोघींनी मिळून बेडजवळ जायचं, एकटीने नाही. पेशंटला "तुमचं नाव शांताबाई ना?" असं विचारायचं नाही, गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं. मग हातातला बँड, केस पेपर, पिशवीवरचं लेबल, क्रॉसमॅचचा फॉर्म, बॅग नंबर, गट, एक्स्पायरी, एकीने मोठ्याने वाचायचं दुसरीने बघायचं. पिशवीत गाठी, रंग काळपट, गळती असेल तर परत.

बॅग ब्लड बँकेतून निघाली की अर्ध्या तासात लागली पाहिजे आणि चार तासांत संपली पाहिजे. वॉर्डच्या औषधांच्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही, कितीही घाई असली तरी. लाल पेशी २ ते ६ डिग्रीला राहतात, प्लेटलेट मात्र २० ते २४ डिग्रीला सतत हलत्या ठेवतात, त्यांना फ्रिज दाखवायचाच नाही, आल्या की लगेच लावायच्या. फिल्टरवाला ब्लड सेट, आणि लाइनमध्ये फक्त नॉर्मल सलाइन. डेक्स्ट्रोजने लाल पेशी फुटतात, रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियमने रक्त गोठतं.

सुरू करायच्या आधी ताप, नाडी, बीपी, श्वास लिहा. पहिली पंधरा मिनिटं अगदी हळू, मिनिटाला २ मिलीच्या पुढे नको, आणि तुम्ही तिथेच उभ्या. फोन आला, दुसऱ्या बेडने हाक मारली, तरी कोणाला तरी पाठवा, तुम्ही हलू नका. मोठी रिॲक्शन ह्याच वेळात सुरू होते. थंडी वाजणं, ताप एक डिग्रीने वाढणं, कंबरेत दुखणं, खाज, धाप, लाल लघवी, हे पुस्तकात आहे. ज्याकडे आपण लक्ष देत नाही ते म्हणजे पेशंट एवढंच म्हणतो, "सिस्टर, म्हाका कशेंशेंच जाता" (मला कसंसंच होतंय). काय होतंय ते त्याला सांगता येत नाही. ह्या वाक्यावर रक्त बंद करा. आकडे नॉर्मल असले तरी बंद करा, मग तपासा.

बंद म्हणजे रोलर बंद, आणि सेट काढून नवीन सेटवर नॉर्मल सलाइन, शीर हातातून जाऊ द्यायची नाही. डॉक्टरांना हाक, व्हायटल्स, नाव आणि नंबर पुन्हा पडताळणी. बॅग आणि सेट फेकायचा नाही, तसाच ब्लड बँकेत परत, बरोबर ताजं सॅम्पल आणि लघवीचा नमुना.

इम्युनिटी : राखणदार आणि तलाठी

आपल्याकडे गावाला राखणदार असतो, रात्री वेस फिरतो अशी श्रद्धा. शरीरात तसा पहिला पहारा जन्मापासून असतो, कातडी, नाकातले केस, पोटातलं ॲसिड, न्यूट्रोफिल, जंतू गिळणारे मॅक्रोफेज. आलेला कोण आहे ते विचारत बसत नाही, परका दिसला की तुटून पडतो, तासाभरात. दुसरा पहारा बी आणि टी पेशींचा, तो तलाठ्यासारखा, एकेकाची नोंद करतो. पहिल्यांदा वेळ लागतो, दिवस-आठवडे, पण नोंद झाली की तोच जंतू परत आल्यावर लगेच ओळखतो. लस म्हणजे आजार न होता ही नोंद करून घेणं.

अँटीबॉडींपैकी वॉर्डात लागणारं एवढंच. आयजीएम आधी येते, ताज्या इन्फेक्शनची, म्हणून डेंगीत पहिल्या पाच दिवसांत एनएसवन (खुद्द विषाणूचं प्रथिन) आणि पुढे आयजीएम तपासतात. आयजीजी नंतर येते नि वारेतून बाळाकडे जाते, त्यामुळे बाळ काही महिने आईच्या भांडवलावर असतं, आणि गोवराची लस नऊ महिन्यांनी देण्यामागे हेच कारण, त्याआधी आईची अँटीबॉडीच लसीला निष्प्रभ करते. चिकात, म्हणजे आईच्या पहिल्या दुधात, आयजीए असते, म्हणून चीक काढून टाका म्हणणाऱ्या आजीला प्रेमाने पण ठाम सांगा. आणि आयजीई ॲलर्जीवाली. सेफ्ट्रिॲक्सोन हे अँटीबायोटिक दिलं आणि पेशंटचे ओठ सुजले, घसा आवळला, बीपी पडलं तर ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. वॉर्डात पाय ठेवल्या दिवशी ॲड्रेनलिन कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते हाताने उघडून बघा.

आता ज्याच्याकडे राखणदारच नाही त्याच्याकडे या. एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलची नेमकी संख्या, काढायला शिका: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी. काउंट १२००, न्यूट्रोफिल ३० टक्के, म्हणजे ३६०. पाचशेच्या खाली गेला की फार जपायचं. पू म्हणजे बऱ्याच अंशी मेलेले न्यूट्रोफिलच, ते नाहीत म्हणजे पू नाही, जखमेभोवती फारशी लाली नाही, न्यूमोनिया असून बेडका नाही, एक्स-रे सुद्धा कधीकधी साफ. फक्त ताप. म्हणून केमोच्या पेशंटला एकदा ३८.३ किंवा तासभर ३८ डिग्री सेल्सियस ताप असेल तर ती इमर्जन्सी, ब्लड कल्चर घेऊन तासाभराच्या आत पहिलं अँटीबायोटिक शिरेत गेलं पाहिजे. घरी पाठवताना थर्मामीटर घ्यायला सांगा नि फॅरेनहाइटमध्ये लिहून द्या, १०० च्या वर गेला की पॅरासिटामॉल खाऊन वाट बघायची नाही, सरळ निघायचं. मध्यरात्री पेडण्याहून किंवा काणकोणहून बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत गाडी कोण काढणार ते डिस्चार्जच्या दिवशीच ठरवून घ्या, १०८ नंबर फोनवर सेव्ह करून द्या. ह्या पेशंटला गुदद्वारातून ताप बघणं नाही, एनिमा नाही, आणि भेटायला येणारा भाचा शिंकत असेल तर दाराबाहेर.

एचआयव्हीत टी पेशींपैकी सीडी-फोर कमी होतात, दोनशेच्या खाली गेल्या की एरवी काही न करणारे जंतूही त्रास देतात. स्टिरॉइडवरच्या पेशंटचा तापही दबतो, तोही लक्षात ठेवा.

इन्फेक्शन : साखळी कुठे तोडायची

जंतू, त्याचं राहायचं ठिकाण, बाहेर पडायची वाट, प्रवास, आत शिरायची वाट, आणि कमजोर माणूस. सहा कड्या. पुस्तक सगळ्या शिकवतं, आपल्याला सगळ्यात सोपी तोडता येते ती प्रवासाची, कारण तो प्रवास बहुतेक आपल्याच हातांवरून होतो. १८४७ मध्ये व्हिएन्नात झेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले, जंतू म्हणजे काय हे सिद्ध व्हायच्याही आधी.

हँडरब २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद. हात मळलेले दिसत असतील किंवा जुलाबाचा पेशंट असेल तर साबणच, काही जंतूंचे स्पोर अल्कोहोलने मरत नाहीत. ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात धुवायचे नाहीत असं नाही, आणि तेच ग्लोव्ह्ज घालून बेड सहावरून बेड सातवर जाणं तर नकोच. टीबी, गोवर, कांजिण्या हवेतून जातात, तिथे एन-९५, बाकी खोकल्याच्या थेंबांना साधा मास्क.

एखादा पेशंट कालपेक्षा गोंधळलेला वाटतोय, श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा खाली, ह्यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की सेप्सिसचा, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागल्याचा, विचार. श्वास पूर्ण मिनिट मोजा. चार्टवर सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला दिसतो तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण बिघडणाऱ्या माणसाचा तोच आकडा सगळ्यात आधी बदलतो.

शेवटी सुई. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. सरळ नीडल कटर, मग पांढरा न फुटणारा डबा. रक्ताची पिशवी पिवळ्या बॅगेत, सलाइनची नळी नि सेट लाल, काच निळ्यात. तरी टोचलीच, तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, डेटॉल ओतायचं नाही, वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि लगेच इन्चार्जना सांगा. पोरी सांगत नाहीत, ओरडा बसेल म्हणून, आणि दोन दिवस एकट्या रडत बसतात. एचआयव्हीसाठीची गोळी शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते आणि २८ दिवस घ्यायची असते, म्हणून ते दोन दिवस फार महाग पडतात. एका टोचण्यातून एचआयव्ही लागायचा धोका हजारात तीन इतका आहे, पण लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी लागायचा धोका शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो. त्याची लस आहे, तीन डोस, ० १ आणि ६ महिने. पहिला डोस ॲडमिशनच्या वेळी बहुतेक सगळ्यांचा होतो, तिसरा बऱ्याच जणांचा राहतो. तुमचं कार्ड हॉस्टेलच्या कपाटात असेल, आज रात्री काढून तारीख बघा, राहिला असेल तर उद्याच्या ड्युटीआधी इन्चार्जना विचारा कुठे मिळतो ते.